झाड उतरवताना, बुडखा काढताना

झाड काढायचं ठरलं की सोलापूरकडे दोन माणसांना फोन जातो. एक पोकलेनवाला किंवा जेसीबीवाला, दुसरा कटरवाला. दोघांपैकी जो आधी पोचेल तो काम सुरू करतो. पोकलेनचा चालक बकेट खोडाला टेकवून ढकलायला लागतो. कटरवाला आधी आला असेल तर तो बुंधा जमिनीसरशी कापून मोकळा होतो, आणि मग जमिनीत रुतलेल्या बुडख्याशी यंत्राची अर्धा दिवस झटापट चालते. हे काम बळानं होतं त्याहून अधिक क्रमानं होतं. कुठला काप आधी घ्यायचा, कुठलं मूळ आधी तोडायचं, कोणी कधी मागं सरकायचं, एवढं नीट ठरलं असेल तर आठ टनांचा जेसीबी पुरतो. ते ठरलं नसेल तर वीस टनांचं पोकलेनही झाडाखाली येऊ शकतं.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. इथं चिंच किंवा कडुनिंब डेरेदार व्हायला एक पिढी जाते, म्हणून उभं झाड काढण्याचा निर्णय हलक्या मनानं घ्यायचा नसतो. तरीही अलीकडे तो वारंवार घ्यावा लागला आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. दिवे घाट ते मोहोळ हा सुमारे २२१ किलोमीटरचा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग आणि पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे १३० किलोमीटरचा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग. रस्ता रुंद होतो तेव्हा पहिला बळी कडेच्या सावलीचा जातो. तिकडे सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडे मर रोगानं आणि खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्यानं डाळिंबाच्या बागाच्या बागा वाळल्या, त्या मुळासकट उपटाव्या लागल्या. कालव्यांच्या कडेला आणि तलावांच्या पोटात वेडी बाभूळ माजलेली आहे. शिवाय वळवाच्या वाऱ्यानं दरवर्षी कुठं ना कुठं झाड आडवं होतंच.

यंत्र बोलावण्याआधी कागद हवा. ग्रामीण भागात १९६४ चा झाडे तोडण्याविषयीचा राज्याचा कायदा लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, फणस, मोह, खैर, चंदन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या बांधावर असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा कायदा चालतो. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वेगळं संरक्षण मिळालं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपं लावण्याची अट आली. अनेकांना ही अट जाच वाटते. मला ती रास्त वाटते, कारण साठ वर्षांच्या लिंबाची सावली एका रोपानं भरून निघत नाही.

परवानगी हातात असली तरी एकदा झाडाखाली उभं राहून वर बघावं. २०२२ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्ग रुंद करताना घरट्यांनी भरलेलं झाड यंत्रानं तसंच आडवं केलं गेलं आणि बगळ्या-पाणकावळ्यांची कितीतरी पिल्लं रस्त्यावर आपटून मेली. परवानगीच्या कागदावर घरटी दिसत नाहीत. आपल्याकडेही बगळ्यांची वीण पावसाळ्यात असते. काम वीण संपेपर्यंत थांबू शकत असेल तर थांबावं. पिंपळ-वडाच्या उंच फांद्यांवर आग्या मोहोळ असेल तर कारण आणखी जवळचं आहे. कटरच्या आवाजानं आणि खोडाच्या हादऱ्यानं माश्या उठल्या, की धावत्या करवतीसकट माणसाला पळायला वाट उरत नाही.

आता झाड वाचायला घ्यावं. पहिला प्रश्न वजनाचा. ओल्या लाकडाचा एक घनमीटर साधारण टनभर भरतो. त्या हिशेबानं एक फूट जाडीची, दहा फूट लांबीची फांदी दोनशे किलोच्या आसपास जाते, आणि ती फांदी आहे म्हणून आपण तिच्याखाली निर्धास्त उभे असतो. दुसरा प्रश्न कलाचा. खोड सरळ दिसलं तरी डेरा एका अंगाला भरलेला असतो. रस्त्याकडेच्या झाडांचं एक अंग तारांसाठी वर्षानुवर्षं छाटलेलं असतं, त्यामुळे सगळा भार उलट्या बाजूला गेलेला असतो. तिसरा प्रश्न पोकळीचा. कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर ठिकठिकाणी ठोकून पाहावं. भरीव लाकूड घट्ट आवाज देतं, पोखरलेलं घुमतं. जुन्या चिंचा आतून पोकळ असतात आणि बाहेरून तसं मुळीच वाटत नाही. रस्त्यावरच्या झाडांत पाट्यांचे खिळे आणि तारा लाकडानं गिळलेल्या असतात. भरधाव साखळी त्यावर आदळली की दात उडतात.

तारा जवळ असतील तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. ओली फांदी वीज वाहून नेते. यंत्राचा हात चालू तारेपासून किमान तीन मीटर लांब राहिला पाहिजे, आणि उच्चदाबाच्या वाहिन्यांसाठी त्याहून बराच अधिक. इतकं करूनही यंत्र तारेला चिकटलंच, तर चालकानं केबिनमध्येच बसून राहावं आणि इतरांनी जवळ जाऊ नये. खाली उतरताना एक पाय पायरीवर आणि दुसरा जमिनीवर पडला, की वीज त्याच्या शरीरातून जमिनीत जाते. यंत्राला आग लागली तरच बाहेर पडायचं, तेही दोन्ही पाय जोडून यंत्राला न शिवता उडी मारून, आणि पुढं पाय जोडलेलेच ठेवून लहान लहान उड्या मारत लांब जायचं. प्रत्येक चालकाला हे ठाऊक असायला हवं. कामाच्या आदल्या दिवशी मालकानं त्याला ते विचारून घ्यावं.

झाड करवतीनं पाडायचं तर त्याला पडण्याची दिशा द्यावी लागते. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूनं आधी खाच घेतात. तिची खोली खोडाच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी असते. साठ सेंटिमीटरच्या खोडाला ती बारा ते पंधरा सेंटिमीटर होते. मग मागच्या बाजूनं, खाचेच्या कोपऱ्याहून दोन बोटं वर, दुसरा काप घेतात. हा काप खाचेपर्यंत कधीच न्यायचा नाही. मधे व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे या झाडात सहा सेंटिमीटर जाडीची, लाकडाची पट्टी राखायची. ही पट्टी म्हणजे झाडाची बिजागरी. झाड तिच्यावर वळत खाली येतं आणि जमिनीच्या जवळ पोचल्यावर ती तुटते. ती पूर्ण कापली तर झाड कुठं जाईल हे कुणाच्याच हातात उरत नाही. दोन्ही टोकांना सारखी जाड नसेल तर झाड जाड बाजूकडे ओढलं जातं. पोकळ खोडात ही पट्टी धरतच नाही, म्हणून पोकळ झाड उभ्यानं न पाडता वरून तुकड्या-तुकड्यानं उतरवणं बरं.

फार कललेल्या झाडाचा धोका वेगळा आहे. मागून काप घेत असताना, तो अर्ध्यावर असतानाच खोड उभं चिरतं आणि चिरलेला भाग झटक्यानं मागं उसळतो. छातीच्या उंचीवर उसळलेला तो ओंडका माणसाला जागीच संपवतो. अशा झाडाला अनुभवी माणूस खाच घेतल्यावर करवतीचं पातं खोडाच्या मधून आरपार घालतो. बिजागरी राखून तो मागं कापत येतो आणि मागची शेवटची पट्टी सर्वांत उशिरा सोडतो. हे नवशिक्यानं करायचं काम नाही. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत वर आणि मागं, थेट तोंडाकडे उसळते. साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावत असते. हेल्मेट, जाळी, कानावर झाकण आणि मांडीवर साखळी अडवणाऱ्या धाग्यांची पँट ही परदेशी हौस मानली जाते, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे अजून चपला घालून कटर चालवणारी पोरं दिसतात. दिवसाची मजुरी ठरवताना या वस्तू कोण देणार हेही मालकानं ठरवलं पाहिजे.

पळायची वाट आधी साफ करून ठेवायची. ती झाड पडेल त्याच्या अगदी उलट दिशेला नसावी, कारण खोडाचा बुंधा मागंही सरकतो. तिरकस मागं, दोन्ही अंगांना एकेक वाट हवी. बाकी माणसं झाडाच्या उंचीच्या दुपटीइतकी लांब उभी करावीत. लहान मुलं जेसीबी पाहायला हटकून येतात. त्यांना लांब ठेवायला एक माणूस वेगळा नेमावा आणि त्यानं दुसरं काहीही करू नये.

आता यंत्राकडे येऊ. उभं झाड बुडख्यासकट काढायचं असेल तर करवत खोडाला नंतर लावावी, कारण उभं खोड ही फुकटची तरफ असते. जमिनीपासून अर्ध्या मीटरवर ढकलल्यानं मुळांवर जो पीळ येतो, त्याच्या आठपट पीळ तेवढ्याच जोरानं चार मीटरवर ढकलल्यास येतो. खोड कापून टाकलं की ही तरफ गेली, आणि मग तेच काम खोदून करावं लागतं. मात्र नुसतं ढकलणंही चुकीचं. आधी झाडाच्या मागच्या बाजूला आणि दोन्ही अंगांना चर खणून जाड मुळं बकेटच्या दातांनी तोडायची. पडण्याच्या बाजूची मुळं शेवटपर्यंत राखायची. मग यंत्र मागं, चराच्या काठापासून लांब, सपाट जमिनीवर उभं करून बकेट हळू टेकवायची आणि दाब वाढवत न्यायचा. धडका मारायच्या नाहीत. धडकेनं शेंडा झुलतो आणि त्यावरची वाळकी फांदी मागं, केबिनवर, येऊन पडते. पूर्ण वाळलेलं झाड तर ढकलूच नये, ते मधूनच मोडतं. भाड्याच्या यंत्रांच्या केबिनवर बहुतेक वेळा लोखंडी जाळी नसते, नुसती काच असते.

मागच्या मुळांची गड्डी उचलली जाते तेव्हा ती यंत्राच्या पुढ्यातच वर येते. पोकलेनचे पट्टे किंवा जेसीबीची पुढची चाकं त्या मुळांवर असतील तर यंत्र उलटू शकतं. हा धोका चालकाच्या लक्षात येत नाही, कारण त्याची नजर वर शेंड्याकडे असते.

यंत्र आणि करवत एकाच वेळी एकाच उभ्या झाडावर चालवू नयेत. पोकलेननं खोडाला टेका दिला आहे आणि खाली माणूस कापतो आहे, हे दृश्य नेहमीचं आहे आणि ते थांबायला हवं. चालकानं थोडाही दाब वाढवला तर काप मिटून करवत अडकते किंवा खोड वेळेआधी निघतं, आणि इंजिनांच्या गोंगाटात एकाची हाक दुसऱ्याला ऐकू येत नाही. कापणाऱ्यानं काम करावं, मागं सरकावं, चालकाच्या नजरेसमोर येऊन हात वर करावा, आणि मगच यंत्र हलावं. तसंच बकेटमध्ये माणूस उभा करून फांद्या छाटणं. शिडी नाही म्हणून गावोगाव हे चालतं. लिव्हरला कोपर लागलं किंवा तेलाची नळी फुटली तर बकेट सावरायला कुणालाही वेळ मिळत नाही. फांद्या उतरवायच्या असतील तर बकेटमध्ये कुणी उभं राहू नये. झाडावर चढणारा माणूस दोरानं आणि पट्ट्यानं बांधलेला असावा.

वडाचं गणित वेगळं. जमिनीत उतरलेली जाड पारंबी फांदीचा भार पेलणारा खांब असते. आडवी येते म्हणून ती आधी कापली, तर वरची दोन-तीन टनांची फांदी अचानक निराधार होते. म्हणून आधी फांदी हलकी करायची, पारंबी नंतर. त्याआधी एक विचार करावा असं मला वाटतं. वड आणि पिंपळ नवी मुळं सहज फोडतात. डेरा छाटून, चहूबाजूंनी टप्प्याटप्प्यानं चर घेऊन, मुळांची गड्डी गोणपाटात बांधून ते क्रेननं दुसरीकडे लावता येतात. खर्च येतो, पण चार पिढ्यांचं झाड राहतं.

वादळानं उन्मळून पडलेलं झाड उभ्या झाडाहून फसवं असतं. मुळांची मातीसकट उचकटलेली थाळी उभी राहिलेली असते आणि तिला आडवं खोडच तसं उभं धरून ठेवत असतं. खोड बुंध्याजवळ कापलं की ती थाळी झटक्यानं परत आपल्या खड्ड्यात बसते. तिच्या मागं किंवा खड्ड्यात कुणी उभं असेल तर सुटका नाही. म्हणून इथं क्रम वेगळा होतो. आधी पोकलेनची बकेट थाळीला टेकवून ती धरून ठेवायची, इंजिन बंद करायचं नाही, आणि खोड बुंध्यापासून दीड-दोन मीटर सोडून कापायचं. आडव्या खोडाला एका बाजूनं ताण असतो, दुसऱ्या बाजूनं दाब. दाबाच्या बाजूनं आधी थोडा काप घ्यायचा आणि मग ताणाच्या बाजूनं कापत यायचं. वाकून दबलेली फांदी तर कुणाच्या अंगावर सुटेल याचा नेम नसतो.

झाड कापून बुडखा नंतर काढायचा असेल तर त्याचं एक-दीड मीटर खोड ठेवलेलं बरं, पकडायला आणि हलवायला उपयोगी पडतं. पूर्वी या कामाला पहार, टिकाव आणि कुऱ्हाड लागायची. चहूकडून खणायचं, एकेक मूळ मोकळं करून तोडायचं आणि शेवटी सोल बांधून बैलांनी ओढायचं. त्या पद्धतीतली एक गोष्ट आजही घेण्यासारखी आहे. दोन-चार दिवस आधी आळ्यात पाणी सोडायचं आणि वाफशावर खणायचं. सोलापूरची भारी काळी जमीन उन्हाळ्यात कडक होऊन भेगाळते आणि मुळं घट्ट धरते. भर पावसात तिच्यात यंत्र रुततं. वाफसा ही मधली वेळ. मातीतलं मूळ कटरनं कापू नये, वाळूच्या कणांनी साखळी काही क्षणांत बोथट होते. त्यासाठी बकेटचे दात आणि कुऱ्हाड आहेत. बुडख्याच्या एका बाजूला घराची भिंत असेल तर आधी भिंत आणि बुडखा यांच्या मधली मुळं चर खणून तोडावीत, नाहीतर ओढलेल्या मुळाबरोबर पायाही हलतो. ठिबकची पाइपलाइन कुठून गेली आहे हे घरातल्या जुन्या माणसाला विचारून घ्यावं.

वेडी बाभूळ १८७७ च्या सुमारास भारतात आली आणि अशा कोरड्या मुलखात तिनं पाय पसरले. जमिनीसरशी कापली तर ती एकाऐवजी दहा फांद्यांनी उठते, कारण तिचे सुप्त डोळे बुंध्याच्या तळाशी, जमिनीच्या थोडं खाली असतात. तिचा बुडखा किमान फूटभर खोलीवरून मुळासकट निघाला पाहिजे. ती मातीच्या धरणावर उगवली असेल तर मात्र हात आखडावा. सोलापूरजवळचा हिप्परग्याचा एकरूख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला, त्याचा बांध मातीचा आहे. अशा बांधात मोठा बुडखा ओढून काढला तर मोठं भगदाड पडतं, आणि तसाच ठेवला तर कुजलेल्या मुळांच्या पोकळीतून पाणी वाट काढतं. असं काम पाणी खाली गेलेलं असताना, पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यासमोर व्हावं, आणि खड्डा चिकणमातीचे थर धुम्मस करून भरला जावा. रोप बोटाएवढं असतानाच उपटलं असतं तर हे काहीच लागलं नसतं.

डाळिंबात धोका अंगावर पडण्याचा कमी आणि पसरण्याचा जास्त. सोलापूरजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि मर रोग हा त्याच्या कामाचा एक मोठा विषय. ही बुरशी मातीत राहते आणि मुळांच्या स्पर्शानं शेजारच्या झाडात जाते. म्हणून रोगट झाड उपटण्याआधी त्याच्या आणि निरोगी झाडांच्या मधे चर घ्यावा. उपटलेलं झाड बागेतून फरफटत नेऊ नये, जागेवरच किंवा बागेबाहेर लगेच जाळावं. उरलेली मुळं वेचून काढावीत आणि खड्डा उन्हात उघडा ठेवावा. जेसीबी कालपर्यंत दुसऱ्याच्या मर लागलेल्या बागेत चालत होता का, हे विचारायला कुणी लाजू नये. बकेटच्या दातांत आणि चाकांत अडकलेली माती आपल्या बांधावर येण्याआधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन घ्यावी. हे दहा मिनिटांचं काम आहे. पाच एकरांची बाग पुन्हा उभी करायला निदान तीन वर्षं लागतात.

शेवटी खड्डा. त्यात बुडख्याचे तुकडे, फांद्या, पाचोळा ढकलून वर माती ओढली की काम झाल्यासारखं दिसतं. मग ते लाकूड कुजतं, वाळवी येते आणि जमीन खचते. शेतात असेल तर मुळं काढून तीच माती परत भरावी आणि वर हातभर उंचवटा ठेवावा, पहिल्या दोन पावसाळ्यांत तो बसतो. त्या जागी खोली किंवा गोठा बांधायचा असेल तर काळी माती भरू नये. ती पाण्यानं फुगते आणि उन्हात आकसते, आणि भिंतीला तडे जातात. मुरमाचे पंधरा-वीस सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस, असं वरपर्यंत यावं. पोकलेन भाड्यानं उभंच असतं, तेव्हा त्याच दिवशी हे करून घ्यावं.